तारेची टोकं

४ सप्टेंबर

बाई,

मायना काय लिहावा यात बराच वेळ गेला. मोठमोठी विशेषणं लिहून पाहिली, पण ती माझी वाटेनात आणि तुमचीही. म्हणून ज्या शब्दाने शाळेत हाक मारली तोच ठेवला.

कळवायचं ते आधी कळवते. प्रयोगशाळेच्या दारावरची ‘फक्त निवडक विद्यार्थ्यांसाठी’ ही तुमची पाटी मी काल काढली. दुसऱ्या कोणाकडून हे तुमच्या कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडून जावं असं वाटलं. पाटी फेकलेली नाही. कागदात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहे.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हापासून तुमची जागा माझ्याकडे आहे. पहिलं वर्ष मी तुमच्यासारखंच चालवलं. नववीतली पाच मुलं निवडली, त्यांना शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा उघडून दिली, आणि बाकीच्या वर्गाला मोठ्या टेबलाभोवती उभं करून प्रयोग दाखवला. मागच्यांना माझी पाठ दिसायची. वार्षिक परीक्षेत एका मुलाने उत्तर लिहिलं, ‘मग मॅडमनी काहीतरी केलं आणि ते गुलाबी झालं.’ मी त्याला शून्य दिलं. घरी जाताना लक्षात आलं की त्याने जे पाहिलं ते अगदी बरोबर लिहिलं होतं.

या वर्षी सगळी नववी प्रयोगशाळेत येते. बुधवारी जोडून दोन तास. सहा टेबलं आहेत, प्रत्येकाभोवती सहा जण बसतात. साहित्य जुनंच, पण वाटून घेतलं तर पुरतं. हेडसर म्हणाले, जे फुटेल ते तुमच्या गळ्यात. मी बरं म्हटलं.

आपण शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही मुलाकडे राहायला जायच्या तयारीत होतात, खोक्यांना दोरी बांधत होतात. मी म्हटलं होतं की प्रयोगशाळेची किल्ली पाचच जणांच्या हातात असणं मला बरोबर वाटत नाही. तुम्ही गाठ मारता मारता, वर न बघता म्हणालात, ‘तुला किल्ली मिळाली तेव्हा तू नाही गं परत केलीस.’ मी उठून निघाले. त्यानंतर तुम्ही लिहिलं नाहीत आणि मीही नाही.

त्या वाक्याला उत्तर म्हणून हे पत्र नाही. त्याला उत्तर नाही, कारण ते खरं आहे. तुम्ही आमच्या घरी येऊन आईवडिलांसमोर बसला नसतात तर मी सातवीनंतर घरात बसले असते. आमच्याकडे तोवर कोणी शाळा पुरी केली नव्हती. पण ज्याला किल्ली मिळाली त्याने किल्लीबद्दल बोलूच नये, हे मला अजून पटत नाही.

आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘पाटी काढली हे सांगायला एवढं लांबण? चोरी करून पोलिसाला तिकीट लावून कळवतेयस.’

तुमची विद्यार्थिनी


१९ नोव्हेंबर

बाई,

उत्तराची अपेक्षा नव्हती, तेव्हा ते न आल्याचं काही वाटलं नाही. हे वाक्य मी खोडणार होते. तसंच राहू देते, तुम्ही काय ते समजा.

प्रयोगशाळा नीट चालली आहे. पहिल्या महिन्यात बरंच फुटलं. त्यातलं निम्मं एकाच मुलीने फोडलं. तिला सगळे धांदल म्हणतात, तीसुद्धा स्वतःला तेच म्हणते. चंचुपात्र पडलं की ती आधी ओरडते, ‘मी नाही,’ आणि मग खाली बघून म्हणते, ‘मीच.’ हल्ली तिच्या हातून काही पडत नाही. लेखी पेपरात मात्र ती अजून पडतेच.

गट कसे केले ते सांगते, कारण तुम्ही तेच विचाराल. सगळे हुशार एका टेबलावर बसवायचे नाहीत, असं ठरवलं. ज्याला विषय समजतो असा एकेक जण प्रत्येक टेबलावर दिला, म्हणजे बाकीचे त्याच्या आधाराने वर येतील. कागदावर हे छान दिसत होतं. पण खरोखर समजणारी वर्गात एकच मुलगी निघाली, बाकीचे पाठ करणारे होते. तिला वकिलीण म्हणतात, कारण ती तुमच्याकडून शब्द मागून घेते आणि त्याच शब्दात तुम्हाला पकडते. ‘मॅडम, पाणी उकळताना तापमान वाढत नाही म्हणालात, मग गॅस जातोय कुठे?’ असं.

तिला मी एका टेबलाला बांधून ठेवलं नाही. दर बुधवारी जे टेबल अडतं तिथे ती बसते आणि नोंदी लिहिते. लिहिणाऱ्याला सांगावं लागतं, आणि सांगायचं तर आधी नीट बघावं लागतं. त्यामुळे टेबलावरच्या इतर पाच जणांना गप्प बसता येत नाही. ती विचारते, ‘किती? नक्की किती? मघाशी किती होतं?’ आणि ते पुन्हा बघतात. हेडसर तिला उपशिक्षिका म्हणतात.

शिक्षण खात्याच्या अधिकारी बाई मागच्या आठवड्यात येऊन गेल्या. तासभर मागे उभ्या राहिल्या आणि जाताना म्हणाल्या की कोण हुशार आणि कोण मागे, हे बघून ओळखता येत नव्हतं. हे वाक्य मी बराच वेळ मनात घोळवत होते. सहामाहीत विज्ञानात नापास झालेले बोटांवर मोजण्याइतके आहेत. तुमच्या वेळी किती होते ते मी काढून पाहिलं, पण इथे लिहीत नाही. ते बरं दिसणार नाही.

वकिलीण जानेवारीत तुमच्या शहरातल्या निवासी विज्ञान विद्यालयाच्या निवडपरीक्षेला बसते आहे. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच होतं. तिच्यासाठी एवढा एकच रस्ता आहे. वडील ट्रकवर असतात, आई शिवणकाम करते, पाठची भावंडं आहेत. निवड झाली तर ती शिकेल, नाहीतर उन्हाळ्यापासून मावशीच्या शिवणाच्या दुकानात बसेल, असं घरात ठरलं आहे. तिच्या आईने मला हे रागाने नाही, माप सांगावं तसं सांगितलं.

तुम्ही असतात तर हिला पहिल्याच दिवशी निवडलं असतंत. तुम्ही म्हणायचात, शंभर पणत्यांना थेंब थेंब तेल घातलं तर एकही धड जळत नाही. मी हिला निवडलेलं नाही. ती सगळ्या वर्गाची आहे, आणि तरीही ती पुढे जाईल, असं मला दाखवायचं आहे. कोणाला दाखवायचं आहे ते तुम्हाला कळलं असेल.

तुमची विद्यार्थिनी


८ फेब्रुवारी

बाई,

थोडक्यात लिहिते. निवडपरीक्षेचा निकाल लागला. लेखी परीक्षेत वकिलीण सगळ्यांत पहिली आली, प्रात्यक्षिकात गेली. तिथलं साहित्य वेगळं होतं. तार बहुधा सदोष असावी. तिचं नाव प्रतीक्षा यादीत आहे, म्हणजे कोणी जागा सोडली तर.

त्या विद्यालयात प्रात्यक्षिकाला फार कडक तपासतात असं ऐकलं. तुम्हाला त्याबद्दल काही माहिती असल्यास कळवावी.

बाकी सर्व ठीक.

तुमची विद्यार्थिनी


१६ फेब्रुवारी

बाई,

तुमचं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये एक ओळ: ‘वर्षभर तिच्या हातात काय होतं?’

पेन होतं.

मागच्या पत्रात मी तार सदोष असावी असं लिहिलं. तार चांगली होती, आणि ते पत्र लिहिताना मला हे माहीत होतं. काय झालं ते आता क्रमाने लिहिते.

तिथे विद्युतचुंबक करायला दिला होता. एक लोखंडी खिळा, तांब्याची तार, बॅटरी आणि बशीभर टाचण्या. तारेचे वेढे वाढवत जायचे आणि दर वेळी किती टाचण्या उचलल्या जातात ते लिहायचं. तिने वेढे इतके सारखे घातले होते की परीक्षकांनी शेजारच्यांना दाखवले. पण एकही टाचणी हलली नाही. त्या तारेवर व्हार्निशचा पातळ थर असतो. तो डोळ्याला दिसत नाही, नुसतं तांबंच दिसतं. दोन्ही टोकं पॉलिशपेपरने घासून तो काढला नाही तर वीज आत शिरतच नाही. पॉलिशपेपर तिच्यासमोर ठेवलेला होता. तिला वाटलं, खिळ्याचा गंज काढायला दिला असेल. तिने खिळा घासला.

निरीक्षणात तिने शून्य लिहिलं. प्रत्येक ओळीत शून्य. शेजाऱ्याचे आकडे तिला दिसत होते, ते तिने घेतले नाहीत. मग शून्य का आलं असेल याची कारणं पानभर लिहिली. बॅटरी संपलेली, जोडणी सैल, खिळा पोलादाचा. सगळी कारणं शक्य होती, खरं होतं ते तेवढं त्यात नव्हतं.

तीच तार आम्ही वर्षभर वापरतो. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून मीच आणते. मी तिला व्हरांड्यात बोलावून विचारलं की टोकं घासायची हे कसं विसरलीस. ती म्हणाली, ‘विसरायला आधी माहीत असावं लागतं.’

मी म्हटलं, दर बुधवारी तुझ्या डोळ्यांसमोर मुलं घासतात.

‘माझ्या डोळ्यांसमोर वही असते, मॅडम. ते घासतात तेव्हा मी तक्ता आखत असते.’

मी जुने बुधवार आठवून पाहिले. सूक्ष्मदर्शकाच्या दिवशी तिने पेशींचं वर्णन लिहिलं, तेही धांदलने सांगितलेलं. भिंगाच्या दिवशी मोजपट्टी मुकादमाच्या हातात होती. हा मुकादम म्हणजे टेबलावर सगळ्यांना कामाला लावणारा एक मुलगा. जिथे बघावं तिथे ही मान खाली घालून लिहिते आहे. मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं की हात लावू नकोस. लाव असंही म्हटलं नव्हतं. दर वेळी तिची गरज दुसऱ्या कोणाला तरी जास्त होती आणि मला ते न्याय्य वाटत होतं.

मग मी तिच्या घरी गेले. एक खोली, खिडकीशी शिवणयंत्र, पलंगावर कापलेल्या कॉलरींची चळत. तिच्या आईने यंत्र थांबवलं नाही. मी जे घडलं ते सांगितलं, माझ्याकडून काय राहिलं तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि शिवत होत्या. कॉलर संपली, दोरा दातांनी तोडला आणि त्या म्हणाल्या, ‘मॅडम, एक विचारते, राग मानू नका. तुम्ही तिला शिकवलंत, का तिच्याकडून शिकवून घेतलंत?’

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी दिलं, कारण त्यांनी पाणी आणून दिलं आणि शेजारणीला ओळख करून देताना ‘फार तळमळीच्या आहेत’ असं म्हणाल्या.

बाई, तुमचं कार्ड माझ्या आईने माझ्याकडून वाचून घेतलं. म्हणाली, ‘एवढ्याशा ओळीत अख्खी पोर ओळखली. तू चार पानं लिहितेस आणि तार खराब म्हणतेस.’

तुमची विद्यार्थिनी


२७ फेब्रुवारी

बाई,

निवडलेल्यांपैकी एकाने जागा सोडली. प्रतीक्षा यादीतल्या मुलांचं प्रात्यक्षिक पुन्हा घेणार आहेत, दहा मार्चला, आणि त्यातून एकाला घेणार. प्रयोग कोणता येईल ते सांगितलेलं नाही.

नेमकी त्याच आठवड्यात आमच्या नववीची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. त्या परीक्षेच्या गुणांवर दहावीला विज्ञान-गणिताची वरची तुकडी मिळते, तेव्हा ती इतर मुलांसाठीही लहानसहान गोष्ट नाही. हेडसरांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, उरलेले बुधवार वर्गाला सुट्टी द्या, पोरीला प्रयोगशाळा मोकळी करून द्या, शाळेचं नाव होईल. वर म्हणाले, ‘तुमच्या बाईंनी हेच केलं असतं.’ मी म्हटलं, हो, नक्की केलं असतं.

तुमचं खरं असेल, असं मला त्या दिवशी वाटलं. अजूनही अधूनमधून वाटतं. एका मुलीचं सगळं आयुष्य एका पारड्यात आणि पस्तीस जणांचे दोन बुधवार दुसऱ्यात, अशी तुलना केली तर उत्तर सोपं आहे. पण ज्यांनी या वर्षीच पहिल्यांदा हातात परीक्षानळी धरली त्यांना ‘आता बाजूला व्हा, खरी मुलगी आली’ असं म्हणायचं, हे मला उच्चारता येईना. वर्गालाच विचारावं असंही मनात आलं. ते मी केलं नाही. मुलांना विचारलं तर ती हो म्हणतात, आणि मग तो निर्णय त्यांचा होतो आणि माझे हात स्वच्छ राहतात.

शेवटी वर्ग चालू ठेवला. एवढंच जाहीर केलं की आजपासून वकिलीण कोणासाठी लिहिणार नाही, ज्याने त्याने आपलं लिहायचं, आणि तिला कोणत्याही टेबलावर हवं ते करू द्यायचं. मुकादम म्हणाला, ‘मॅडम, आमचं अक्षर आम्हालाच लागत नाही.’ वर्ग हसला. तो हसण्यासाठी बोलला नव्हता.

वकिलीण धांदलच्या टेबलावर गेली. मी दुसरीकडे होते, पण कान तिकडे होते.

‘घास,’ धांदल म्हणाली.

‘घासली.’

‘ही घासलेली? बाळाचं तोंड पुसतात तशी पुसलीस. टोक गुलाबी दिसलं पाहिजे.’

‘किती वेळ घासायचं याला काही मोजमाप असेल ना?’

‘आहे की. मी बास म्हणेपर्यंत.’

बाई, ती चांगली शिकवत नाही. हातातून ओढून घेते, कारण सांगत नाही, तोंडाने फटकळ आहे. वकिलीण प्रत्येक गोष्टीला ‘का’ म्हणते आणि धांदल प्रत्येक ‘का’ला ‘कर, मग कळेल’ म्हणते. कोणती बॅटरी अर्धमेली आहे, कोणत्या स्टँडचा स्क्रू उलटा फिरतो, आपल्या जुन्या मीटरचा काटा अडकतो तेव्हा कुठे टिचकी मारायची, हे सगळं तिला ठाऊक आहे. त्यातलं बरंच मलाही ठाऊक नव्हतं, कारण मी सुरू असलेलं मीटर बघते, सुरू करायला लागतं ते बघत नाही.

दुसऱ्या तासाला वकिलीणने जोडणी उलटी केली आणि टेबलावरचे सगळे एकदम हसले. ती रागाने रडायला लागली. वर्गात तिच्यावर कोणी हसल्याचं मला आठवत नाही, तिलाही आठवत नसावं. उठून नळावर गेली, तोंड धुतलं, परत आली आणि स्टुलावर बसली. धांदल तिच्याकडे न बघता म्हणाली, ‘तू मला अपूर्णांक सांगतेस ना, तेव्हा मीपण अशीच नळावर जाते. फक्त परत येत नाही.’

मग दोघी पुन्हा टेबलावर वाकल्या. तार घासत होत्या.

दुसरी बाजूही लिहायला हवी. बाकीच्या टेबलांचे हाल आहेत. आकडे दिसतात, पण कुठे लिहायचे ते कळत नाही. तक्ता आखायला सांगितला तर मुकादमाने चौकट काढून तिला वेलबुट्टी केली. वर्षभर त्यांचं शास्त्र वकिलीणच्या अक्षरात होतं आणि मी ते त्यांचं समजत होते. अधिकारी बाईंना जे ओळखता आलं नव्हतं ते याच कारणाने.

आता विनंती. दहा तारखेला मला इथे परीक्षा घ्यायची असल्याने तिच्याबरोबर तिची आई येईल. तुमच्या शहरात त्यांचं कोणी नाही. आदल्या रात्री दोघींना तुमच्याकडे झोपता येईल का? तिला काही शिकवावं अशी अपेक्षा नाही. नाही म्हणालात तरी मला समजेल.

तुमची विद्यार्थिनी


१८ मार्च

बाई,

तुम्हाला सगळं माझ्याआधीच कळलेलं आहे, तरी माझ्या बाजूने लिहिते.

तिची निवड झाली. हेडसरांनी फलकावर तिचं नाव लिहिलं आणि खाली शाळेचं, शाळेचं जरा मोठ्या अक्षरात. तिची आई येऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. आत या म्हटलं तर आली नाही. म्हणाली, मावशीला निरोप धाडलाय की दुकानात दुसरी मुलगी बघ. आणि एका पुडक्यात सगळ्या टेबलांसाठी शिवलेली फडकी देऊन गेली, उरलेल्या कापडाची.

परीक्षेत काय झालं ते मी वकिलीणकडून दोनदा ऐकलं. या वेळी परिपथ जोडायला दिला होता. तिने टोकं घासली, जोडणी केली, मग चालू करायच्या आधी मीटरला टिचकी मारली. परीक्षकांनी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, आमच्याकडे मारावी लागते. ते म्हणाले, इथली मीटरं नवीन आहेत, इथे नाही लागत. तर ही म्हणते, ‘ते मारून पाहिल्यावर कळलं.’ परीक्षक हसले की नाही, हे तिने पाहिलं नाही. ती वाचन घेत होती.

तिची आई सांगत होती की तुम्ही आदल्या दिवशी विज्ञानाचा एक शब्द काढला नाहीत. तिला लवकर झोपवलंत आणि सकाळी विचारलंत, हे सगळं कोणी शिकवलं. ती म्हणाली, धांदलने. तुम्ही विचारलंत, ही धांदल पहिली-दुसरी येणाऱ्यांतली का. त्यावर ती म्हणे इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता आमच्या परीक्षेचं. करण्याचे गुण बहुतेकांना चांगले आहेत. लिहिण्याच्या गुणांत बरेच जण गडगडले, त्यामुळे काही मुलांची वरची तुकडी हुकली. त्यांत मुकादम आहे. तो मला म्हणाला, ‘मॅडम, प्रयोग बरोबर आला होता, तुम्ही पाहिलात ना?’ मी पाहिला होता. आकडाही बरोबर होता, फक्त तो त्याने वेलबुट्टीच्या बाहेर, समासात लिहिला होता. मी गुण देऊ शकले नाही. हेडसरांना भेटून त्या सगळ्यांची लेखी बाजू जूनमध्ये पुन्हा घ्यायची परवानगी मागितली आहे. त्यांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

म्हणजे हिशेब असा की मी पाटी काढली आणि आत कामं वाटून दिली, शास्त्र नाही. एकीकडे हात दिले, एकीकडे पेन. पुढच्या वर्षी टेबलावरचं प्रत्येक काम प्रत्येकाकडे पाळीने जाईल, जोडणं, बघणं, लिहिणं, धुणं, आणि ज्याला जे येत नाही त्याला त्याची पाळी टाळता येणार नाही. वेग कमी होईल. अधिकारी बाई आल्या तर त्यांना लगेच ओळखता येईल की कोण कुठे मागे आहे. येऊ दे.

तुम्ही तिच्या आईबरोबर चिठ्ठी पाठवलीत. ‘पुढची कोण?’

मी वर्गाकडे त्या नजरेने पाहिलं, हे कबूल करते. तुम्ही शिकवलेली नजर आहे, जात नाही. दोन-तीन चेहरे डोळ्यांसमोर आलेही. पण उत्तर मी शोधायच्या आत ते चालत आलं. परवा शाळा सुटल्यावर धांदल टेबलाशी घुटमळत होती. फडकं घडी करत होती, उलगडत होती. म्हणाली, दहावीनंतरही त्या विद्यालयात थोड्या जागा असतात असं वकिलीण म्हणते. मी म्हटलं, असतात. म्हणाली, ‘मग मी बसू?’

तिचे गणितातले गुण तुम्हाला सांगत नाही. नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, वाक्यसुद्धा तयार होतं, समजूतदार, तिला दुखवणार नाही असं. ते मी गिळलं. बस, म्हटलं. ती म्हणाली, ‘विचार करून सांगा हं, मॅडम. मला येत नाही हे मला माहितेय.’

लेखी परीक्षेत निम्मं गणित असतं आणि तिला अपूर्णांकांपासून सुरुवात करावी लागेल. काल बसले तिच्याबरोबर. मी समजावलं, तिने मान हलवली, मी पुन्हा समजावलं, तिने पुन्हा मान हलवली. मग तिने विचारलं की अर्ध्याला अर्ध्याने गुणल्यावर कमी कसं होतं, गुणलं की वाढतं ना. मी नियम सांगितला. ती म्हणाली, नियम माझ्याकडे आहे, पाठ आहे. आणि बाई, माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

तुम्ही निवडलेल्या आम्हा पाचांना अपूर्णांक आधीच येत होते. तुम्हाला ते आम्हाला कधी शिकवावे लागले नाहीत, आणि मला कसे आले ते मला आठवत नाही. ज्याला येत नाही त्याला कसं शिकवायचं, हे आपल्या दोघींपैकी कोणालाच माहीत नाही.

मे महिन्यात मी सकाळची प्रयोगशाळा उघडी ठेवणार आहे. हेडसरांना विचारलं आहे, त्यांची हरकत नाही. तुम्ही मे महिन्यात इकडे याल का? राहायला आमच्याकडे या, आईने पलंग खिडकीकडे सरकवून ठेवला आहे आणि मी अजून तुम्हाला विचारलंच नाही म्हणून दोनदा बोलली आहे. धांदल उशिरा येते आणि फार बोलते, हे आधी सांगून ठेवते.

तुमची विद्यार्थिनी